आधी ओल, मग लादी

प्रश्न : आमचं घर बडोद्यात, कारेलीबागेत. १९८४ सालचं, तळमजला आणि वर मुलाची एक खोली. खालची मागची खोली, १२ बाय ११ फूट, आता सासूबाईंना द्यायची आहे. त्यांचं वय ७८, दोन्ही गुडघे दुखतात, वॉकर घेऊन चालतात आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. खोलीत जुनी मोझॅकची लादी आहे, ती काळपट पडली आहे. दाराजवळच्या पाच-सहा लाद्या पाय पडला की वाजतात. बाथरूमकडच्या भिंतीला खाली वीतभर लोणा लागतो. दरवर्षी रंग देतो, दर पावसाळ्यात पापुद्रे निघतात. २०२४ च्या पुरात पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत आलं, घरात शिरलं नाही. मुलाला लॅमिनेटचं लाकडी फ्लोअरिंग हवंय. नणंद म्हणते कोटा दगडच घाला. कडिया (गवंडी) म्हणतो, जुन्या लादीवरच दोन बाय दोनची चकचकीत विट्रिफाइड चिकटवून देतो, तोडफोड नाही, चार दिवसांत काम, १० बॉक्स आणा. दिवाळीपूर्वी व्हावं अशी इच्छा आहे. काय करावं?

उत्तर : ताई, लादीबद्दल तीन जणांनी तीन मतं दिली, पण भिंतीच्या लोण्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. या खोलीचा निर्णय त्या वीतभर पट्ट्यावर ठरणार आहे, म्हणून सुरुवात तिथून करू.

जमिनीतली किंवा बाथरूममधली ओल विटांमधून वर चढते आणि येताना विटा-वाळूतले क्षार विरघळवून आणते. भिंतीच्या तोंडाशी आल्यावर पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. त्यांचे स्फटिक होताना ते आतून रंगाला, पुट्टीला, शेवटी गिलाव्यालाही ढकलतात. म्हणून तुमचा रंग टिकत नाही. रंग कितीही चांगल्या कंपनीचा आणा, तो मागून ढकलला जातोय.

आता याचा लादीशी संबंध. मोझॅक म्हणजे सिमेंट आणि संगमरवराची चुरी. तिच्यातून थोडी ओल हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. विट्रिफाइड लादी पाणी जवळपास पीतच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून कमी. तिने सगळी खोली झाकली की खालून येणाऱ्या ओलीला सांधे आणि भिंती एवढ्याच वाटा उरतात. आज एका भिंतीला वीतभर असलेला लोणा दोन-तीन पावसाळ्यांत बाकीच्या भिंतींनाही दिसायला लागू शकतो, आणि तेव्हा दोष लादीला दिला जातो. कडियाच्या बेतातली पहिली अडचण ही.

तेव्हा आजच एक साधी चाचणी लावा. जाड पारदर्शक प्लास्टिकचे दीड फूट बाय दीड फुटाचे तीन तुकडे कापा. एक बाथरूमच्या भिंतीजवळ, एक खोलीच्या मधोमध, एक बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात. लादी पुसून कोरडी करा, तुकडा पसरा आणि चारही बाजू रुंद चिकटपट्टीने हवा शिरणार नाही अशा बंद करा. किमान २४ तास, जमलं तर दोन रात्री ठेवा. मग उचलून पाहा. प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब धरले असतील किंवा तेवढीच लादी गडद दिसत असेल, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या अंगाला असतील तर तो खोलीतल्या हवेचा दमटपणा, त्याची काळजी नको. पावसाळा नुकताच संपतोय, जमीन पाण्याने भरलेली आहे, त्यामुळे चाचणीला हीच वेळ योग्य. मे महिन्यात कोरडं आलेलं उत्तर फसवं असतं.

तीन तुकड्यांपैकी फक्त बाथरूमजवळचाच ओला निघाला तर संशय बाथरूमवर. त्याची खात्री करायला नहाणीच्या जाळीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कापडाचा बोळा घट्ट बसवा, जमिनीवर इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारा आणि २४ तास कुणालाही आत जाऊ देऊ नका. दोन-तीन मिलिमीटर पाणी हवेतही उडतं. त्याहून जास्त उतरलं तर पाणी खाली मुरतंय. बहुतेक वेळा दोषी असते ती नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जाळीखालच्या भांड्याच्या भोवतालची कड. तिथलं सिमेंट वर्षानुवर्षांच्या ॲसिडने खाल्लेलं असतं. पाणी उतरलं नाही तर नळाच्या लाइनवर या : रात्री टाकी भरून, भरणारा व्हॉल्व्ह आणि घरातले सगळे नळ बंद करून पातळीची खूण करा, सकाळी बघा.

बाथरूम गळत असेल तर तो आधी दुरुस्त करायचा, यात तडजोड नाही. दुरुस्तीनंतर भिंतीचा गिलावा ओलीच्या रेषेच्या वर आणखी फूटभर काढून टाका. उघड्या विटांवरचे क्षार कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका, धुतले की ते विरघळून पुन्हा विटेत जातात. विटा तीन-चार आठवडे उघड्याच राहू द्या. नंतर सिमेंट-वाळूचाच गिलावा करा. खालच्या तीन फुटांत पीओपी किंवा जिप्समचा गिलावा नको, तो ओल धरून ठेवतो आणि भुसभुशीत होतो.

आता लादी. वाजणाऱ्या लाद्या तुम्ही पाच-सहा लिहिल्यात, पण पायाला जाणवतात त्याहून जास्त असतात. हातोडीच्या लाकडी दांड्याने एकेक लादी मध्ये आणि चारही कोपऱ्यांत ठोका. भरीव लादीचा आवाज बसका येतो, पोकळ लादीचा डबा वाजवल्यासारखा. पोकळ लादीवर खडूने फुली मारा. तुमच्या लाद्या दहा इंची असाव्यात, तशा असतील तर खोलीत साधारण १९० भरतात. फुल्या २० च्या आत असतील, सहा फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी कुठेही ठेवल्यावर तिच्याखाली ५ मिलिमीटरपेक्षा मोठी फट दिसत नसेल, आणि मधल्या व बाहेरच्या कोपऱ्यातल्या प्लास्टिकखाली थेंब नसतील, तर आमचा सल्ला सरळ आहे : नवी लादी आणूच नका. हीच घासून घ्या.

हे वाचून मुलगा नाराज होईल. त्याला सांगा, हीच लादी आज टेराझो या नावाने शोरूममध्ये मांडलेली असते. चाळीस वर्षांची मोझॅक काळी दिसते ती फिनाइल, मेण आणि पायाखालच्या मातीच्या थराने. लादीच्या वरच्या पाच-सहा मिलिमीटरमध्ये चुरी असते आणि घासाईत त्यातला जेमतेम एखादा मिलिमीटर जातो.

काम असं करून घ्या. फुल्या मारलेल्या लाद्या छिन्नीने सावकाश काढायच्या, जुना थर खरवडायचा आणि त्याच लाद्या नव्या सिमेंट-वाळूच्या थरावर (१:४) बसवायच्या. एखादी फुटलीच तर बाजारात तसली शोधत फिरू नका, रंग कधीच जुळत नाही. कपाटाखालची लादी काढून दाराशी लावा आणि कपाटाखाली कुठलीही नवी घाला, ती कुणाला दिसणार नाही. सांधे पातळ पत्रीने कोरून पांढरं सिमेंट आणि लादीच्या रंगाचा थोडा ऑक्साइड रंग मिसळून भरायचे. मग सात दिवस थांबायचं. इथेच लोक घाई करतात. ओल्या सांध्यावर मशीन फिरलं की भरण उपटून निघतं आणि सांधे पहिल्याहून खोल होतात.

घासाई तीन दगडांनी : आधी ६० नंबर, मग १२०, शेवटी ३२०. पहिल्या दगडानंतर लादीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसू लागतात. ती त्याच रंगीत सिमेंटच्या पातळ लेपाने भरायची, दोन दिवस ओली ठेवायची आणि मगच पुढचा दगड लावायचा. कारागीर हा टप्पा गाळायला बघतात, कारण त्यासाठी पुन्हा यावं लागतं. ठरवतानाच सांगून ठेवा. शेवटी ऑक्झॅलिक पावडर, चौरस मीटरला सुमारे ३३ ग्रॅम, म्हणजे तुमच्या खोलीला ४०० ग्रॅम पुरते. तिथेच थांबायचं. मेण नको, आरशासारखं पॉलिश नको. कारागीर कौशल्य दाखवायला चमक आणतील, पण सासूबाईंच्या ओल्या पावलाला ती चमक नको आहे.

घासाईत राखाडी पातळ चिखल निघतो. तो बाथरूमच्या जाळीत ढकलू देऊ नका, पाइपात जाऊन सिमेंटसारखाच घट्ट होतो. बादलीत भरून बाहेर काढायचा. भिंतींना तीन फुटांपर्यंत प्लास्टिक लावून घ्या, नाहीतर शिंतोड्यांनी रंगकाम वाढतं. खालची विजेची बोर्डं आदल्या दिवशी टेपने बंद करा.

फुल्या बऱ्याच निघाल्या, एखादा कोपरा खचलेला दिसला किंवा मधल्या प्लास्टिकखाली थेंब सापडले, तर मात्र जमीन उघडायची वेळ आहे. बडोद्याच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या बांधकामात खालचा भराव नीट ठोकलेला नसेल तर चाळीस वर्षांत जमीन कोपऱ्यात बसते. त्यावर नवी लादी चिकटवली तर तीही त्याच जागी बसणार.

उघडल्यावर थर खालून वर असे : माती पाणी मारून ठोकलेली, त्यावर सोलिंग, म्हणजे दगडांचा किंवा वीटतुकड्यांचा ठोकून बसवलेला थर, त्यावर दोन इंच वाळू, वाळूवर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक आणि प्लास्टिकवर चार इंच काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १:२:४. वाळू कशासाठी, तर सोलिंगच्या टोकांनी प्लास्टिकला भोक पडू नये म्हणून. प्लास्टिकच्या दोन पट्ट्या एकमेकींवर किमान सहा इंच चढवून टेपने जोडा आणि कडा भिंतीवर स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावतात त्या लादीच्या पट्टीच्या) उंचीपर्यंत वर घ्या. मजूर घमेली ओतताना प्लास्टिकवरून चालत जातात आणि पावड्याने ते फाटतं. त्या दिवशी कुणीतरी उभं राहून पाहायला हवं, कारण काँक्रीट पडल्यावर फाटलेलं दिसत नाही. तुमच्या १३२ चौरस फुटांना चार इंचांनी ४४ घनफूट काँक्रीट लागतं : ८ पोती सिमेंट, सुमारे २० घनफूट वाळू, ४० घनफूट खडी. सात दिवस पाणी मारून पुढे तीन आठवडे सुकू द्या.

त्यावर काय घालायचं? इथे नणंदेच्या कोट्याचा विचार करू. मत चुकीचं नाही. कोटा म्हणजे राजस्थानातल्या कोट्याकडचा चुनखडीचा दगड, दणकट, उन्हाळ्यात गार, आणि जुना झाला की पुन्हा घासता येतो. पण तो २० ते २५ मिलिमीटर जाड, खाली तेवढाच माल. म्हणजे जुनी लादी काढल्याशिवाय त्याला जागाच नाही. आणि या खोलीत आम्हाला तो नको वाटतो याचं कारण गुडघ्यांचं तेल. रोजच्या मालिशचे थेंब कोट्यात मुरून डाग पडतात आणि बाथरूमचं ॲसिड सांडलं तर तिथे पांढरा चट्टा कायमचा. संगमरवरालाही हीच दोन दुखणी आहेत, शिवाय तो पॉलिश केल्यावर निसरडा होतो. ओट्याला किंवा व्हरांड्याला कोटा जरूर घाला.

सासूबाईंच्या खोलीत मॅट विट्रिफाइड, दोन बाय दोन. तेल, औषध, रात्री चुकून झालेली लघवी, काहीच मुरत नाही, ओल्या फडक्याने निघतं. लाद्यांच्या कारखान्यांचं मोरबी आपल्याच राज्यात असल्यामुळे बडोद्यात निवड मुबलक आहे, पण दुकानात सगळ्यात पुढे मांडलेली लादी चकचकीतच असते. तुम्ही आर-१० अशी पकड असलेली मागा. आर-९ ही त्या मोजमापातली सगळ्यात खालची पायरी. आर-११ किंवा वरची अंगणाला ठीक, खोलीत तिच्या खरखरीत मळ बसतो आणि वॉकर अडखळतो. दुकानातच नमुन्याच्या तुकड्यावर पाणी शिंपडून ओल्या तळहाताने दाबून पुढे ढकलून पाहा. मग तुकडा पुसून त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर टाका आणि पुन्हा ढकला. आंघोळीनंतर खोलीत पावडर सांडते आणि कोरड्या लादीवरही पाय त्यानेच सरकतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रंग फिका पांढरा नको, मधला घ्या, ट्यूबलाइटचा लख्ख उजेड पडला तर म्हाताऱ्या डोळ्यांना तिथे पाणी सांडल्यासारखं दिसतं. मोठी नक्षीही नको.

आता कडियाने सांगितलेले १० बॉक्स. दोन बाय दोनच्या एका बॉक्समध्ये चार लाद्या येतात, साडेपंधरा चौरस फूट. त्याने १३२ मध्ये दहा टक्के घालून भागाकार केला. क्षेत्रफळाने हिशेब बरोबर, मांडणीने चुकतो. तुम्ही कागदावर मांडून पाहा. लादी ६० सेंटिमीटरची. १२ फूट म्हणजे ३६५.७ सेंटिमीटर. दोन्ही भिंतींशी एकेक सेंटिमीटर फट सोडली की उरतात ३६३.७. सहा लाद्या आणि दोन-दोन मिलिमीटरचे सांधे लावले की शेवटी अडीच सेंटिमीटरची चिंधी उरते. तेवढी पट्टी कापताना तुटते, आणि बसलीच तर दाराशी विद्रूप दिसते. म्हणून मांडणी मधून सुरू करायची : मध्ये पाच पूर्ण लाद्या, दोन्ही कडांना ३१-३१ सेंटिमीटरचे तुकडे. एका लादीतून असे दोन तुकडे निघत नाहीत, दोन-अडीच सेंटिमीटर कमी पडतात. म्हणजे एका रांगेला सात लाद्या. ११ फुटांच्या बाजूला पाच पूर्ण रांगा आणि ३२ सेंटिमीटरची एक कापलेली, ती पलंगाच्या उशाकडे घाला. सात गुणिले सहा, ४२ लाद्या. कडियाच्या १० बॉक्सांत ४०. एकही न फुटता दोन कमी.

स्कर्टिंगसाठी वेगळ्या लाद्या घ्यायची गरज नाही. कडांचे तुकडे कापल्यावर उरलेल्या १५ पट्ट्यांतून प्रत्येकी चार इंची दोन पट्ट्या निघतात, म्हणजे ३०. दोन दारं सोडून तुम्हाला साडेचाळीस फूट स्कर्टिंग लागतं, त्याला २१ पुरतात. तेव्हा १२ बॉक्स घ्या, ४८ लाद्या, सहा शिल्लक. मागाहून दोन लाद्या आणायला गेलात तर त्याच नावाची पण दुसऱ्या शेडची मिळते. बाराही बॉक्सांवरचा शेड नंबर आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते टेम्पोत चढवण्याआधी बघा. आणि कापायला सुरुवात करण्यापूर्वी खोलीचे दोन्ही कर्ण मोजा. काटकोनी खोली असेल तर दोन्ही १६ फूट सव्वातीन इंच भरतील. फरक इंचाहून जास्त असेल तर तिरकी कड कपाटाच्या बाजूला ढकलायची.

लावताना नुसती सिमेंटची राब (पातळ लगदा) चालत नाही, कारण लादी पाणी पीत नाही आणि राब तिला धरत नाही. टाइल ॲडेसिव्ह घ्या, पोत्यावर आयएस १५४७७ (भारतीय मानकाचा क्रमांक) आणि टाइप २ छापलेलं. २० किलोची ४ पोती लागतील. ते दातेरी थापीने एकाच दिशेच्या रेघांत पसरवायचं, लादीच्या पाठीलाही पातळ हात मारायचा, मग दाबून किंचित हलवायची. पाच ठिकाणी गोळे ठेवून वर लादी दाबायची पद्धत बडोद्यात सर्रास दिसते. मधली जागा पोकळ राहते आणि भरलेल्या कपाटाचा एक पाय नेमका त्या पोकळीवर आला की लादी तडकते. पहिल्या दोन-तीन लाद्या लावल्यावर एक उचलून पाठ बघायला सांगा. पाठ जवळजवळ सगळी भरलेली दिसली पाहिजे. कारागीर कुरकुरला तरी बघाच.

भिंतीशी सोडलेली ती सेंटिमीटरभर फट सिमेंटने भरू नका, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ऊन-थंडीत लाद्या हलकेच फुगतात-आक्रसतात, जागा मिळाली नाही तर एखाद्या दिवशी फटाका फुटावा तसा आवाज होऊन मधली रांगच्या रांग उठते. सांधे २४ तासांनी भरायचे, कपाट-पलंग सात दिवसांनी आत.

जुन्या लादीवर नवी चिकटवायचा कडियाचा बेत कोरड्या, भरीव जमिनीवर करता येतो, हे सांगायला हवं. तिथे टाइप ३ चं ॲडेसिव्ह लागतं आणि जुन्या लादीवरचं मेण मशीनने खरवडावं लागतं. पण ९ मिलिमीटरची लादी आणि ४-५ मिलिमीटरचं ॲडेसिव्ह मिळून जमीन दीड सेंटिमीटर वर येते. दार खालून कापणं सोपं. हॉल आणि खोली यांच्यामध्ये मात्र दीड सेंटिमीटरची नवी पायरी तयार होते. निरोगी माणसाला ती दिसतही नाही, वॉकरचा पुढचा पाय तिथेच अडतो.

मुलाला हवं असलेलं लॅमिनेट म्हणजे वर छापील थर आणि आत दाबलेल्या लाकूडचुऱ्याचा आठ मिलिमीटरचा गाभा. ओल लागली की गाभा कडेने फुगतो, सांध्यांशी उंचवटे येतात आणि ते पुन्हा बसत नाहीत. वाळवीलाही तो आवडतो. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ अशा दोन पावसाळ्यांत ज्या भागातल्या गल्ल्यांत आलं, तिथे तळमजल्यावर हे घालणं म्हणजे पैसे पाण्यात. एसपीसी नावाचं दगडी भुकटी आणि प्लास्टिकचं फ्लोअरिंग मिळतं, ते फुगत नाही, पण त्याच्याखाली ओल कोंडून कुबट वास सुटतो. वरची खोली मुलाची आहे ना? तिथे खुशाल एसपीसी घालू द्या. फक्त दोन मीटरच्या पट्टीखाली तीन मिलिमीटरहून जास्त उंचसखल नको, नाहीतर कुलपासारखे अडकणारे सांधे पायाखाली तुटतात.

लादी कुठलीही असो, बाथरूमच्या उंबऱ्याकडे वेगळं लक्ष द्या. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा किमान दोन सेंटिमीटर खाली हवी, आणि मधली ग्रॅनाइटची पट्टी एक सेंटिमीटरहून उंच नको, दोन्ही कडा उतरत्या घासलेल्या. पट्टीचा रंग लादीहून ठळक वेगळा. पलंगाशेजारी सतरंजी किंवा पायपुसणं टाकू नका, थंडीसाठी मागे पट्टा असलेली रबरी तळाची घरातली चप्पल द्या. वॉकरचे रबरी बूटही बघा, तळ गुळगुळीत झाले असतील तर नवे बसवा. नव्या लादीपेक्षा त्यांची किंमत फारच थोडी आहे.

दिवाळीचं म्हणाल तर प्लास्टिकला दोन दिवस, सुट्या लाद्या बसवून सात दिवस, घासाई आणि भोकं भरणं मिळून चार-पाच दिवस. मोझॅक वाचली तर पंधरा दिवसांत सासूबाई खोलीत येतात. बाथरूम गळत असला तरी घासाई अडत नाही, त्या भिंतीजवळच्या दोन रांगा आणि गिलावा मागे ठेवता येतो. जमीन उघडावी लागली तर सहा आठवड्यांहून कमीत होत नाही. तसं झालं तर आत्ता फक्त दाराजवळच्या वाजणाऱ्या लाद्या पक्क्या करून घ्या, बाथरूमची गळती थांबवा, सासूबाईंना दिवाळीपुरतं पुढच्या खोलीत ठेवा आणि तोडकाम देवदिवाळीनंतर काढा. थंडीतल्या कोरड्या हवेत काँक्रीट चांगलं सुकतं, आणि तोवर गिलावा काढलेल्या विटाही कोरड्या झालेल्या असतील.

कडियाला लगेच नाही म्हणू नका. प्लास्टिक उचलाल त्या सकाळी त्याला बोलवा आणि खालचे थेंब त्यालाच दाखवा.